मस्कादे आष्टीच्या पुलापाशी थांबते

फ्रान्समधली ल्वार नदी समुद्राला मिळते तिथं, नांत शहराच्या आसपास, मस्कादे नावाची पांढरी वाइन होते. मी तिथं गेलेले नाही. पासपोर्ट काढून ठेवला आहे, तो अजून कोरा आहे. पण नागपूरच्या ज्या हॉटेलात मी नोकरी करते तिथं वाइन निवडणं, ठेवणं आणि वाढणं हे माझं काम आहे, आणि ते काम मला येतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली. पदवी हॉटेल मॅनेजमेंटची. गोंडपिपरीत कुणी विचारलं तर आई सांगते, पोरगी हॉटेल लाइनमध्ये आहे. त्यापुढं ती विषय वाढवत नाही.

हिवाळ्यात आमच्याकडे मस्कादेचं एक जेवण ठरलं. एकच वाइन, तिच्यासोबत एकामागून एक चार ताटं. शेफचं म्हणणं होतं, कोकणातून कालवं मागवू. फ्रान्समध्ये ही वाइन कच्च्या कालवांसोबत, शिंपल्यांसोबत पितात, किंवा नदीच्या माशावर लोणी आणि व्हिनेगरचा रस्सा घालून त्याच्यासोबत. त्यांचं चूक नव्हतं. मी म्हटलं, नदीच्या मुखाजवळची वाइन आहे आणि मी नद्यांच्या मुलखातली आहे. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी. कोकण कशाला? शेफ म्हणाले, आण मग, पण ऐकीव नको, चाखून आण. दोन बाटल्या, त्यांचं परमिट आणि रजा घेऊन मी निघाले.

खरं कारण वेगळं होतं, ते आधीच सांगते. मला त्या मेनूवर माझ्या आईची आंबाडी-झिंगे, म्हणजे आंबट पाल्यातली नदीची कोळंबी, हवी होती, नावासकट. नागपुरात मेनूवर सावजीचं नाव असतं, वऱ्हाडीचं असतं, मालवणीचं तर असतंच. आमच्या बौद्ध घरांतले पदार्थ कुणी ना कुणी खातं, पण ते कुणाच्या घरचे हे कुठं छापलेलं मी पाहिलं नाही. ते छापून आणायचं होतं. बाकीचा प्रवास त्याच्याभोवती बांधला.

गोंडपिपरी

धानाची कापणी चालू होती. चंद्रपूर सोडल्यावर कोळशाची धूळ मागं पडते आणि दोन्ही बाजूंना पिवळी बांधी, म्हणजे धानाची शेतं, सुरू होते. शहरातल्या लोकांना मी नेहमी सांगते की आमच्याकडे ज्वारीची भाकरी शोधू नका. आम्ही भात खाणारे. सकाळी उरलेल्या भाताची आंबील, दुपारी भात, रात्री भात. वाइनवाल्यांना हे ऐकून बरं वाटलं पाहिजे, कारण भात कुठल्याच वाइनच्या आड येत नाही.

स्टँडवर अमोल जीप घेऊन आला होता. तो माझा मामेभाऊ. प्रवासी वाहतूक करतो. त्याच्या तोंडात खर्रा असतो, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला माल. त्यामुळं तो अर्धंच बोलतो आणि उरलेलं मानेनं सांगतो.

आईनं बाटल्या पाहिल्या. ती रागावली नाही. काच उजेडात धरून तिनं विचारलं, दारूच आहे ना. मी हो म्हटलं. वाइन म्हणजे वेगळं असतं, फळाचं असतं, हे मला गिऱ्हाइकाला सांगता येतं. आईला सांगता येत नाही.

याचं कारण सांगायला हवं. अमोलचे वडील, म्हणजे आईचा भाऊ, दारूनं गेले. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यात बंदी यावी म्हणून ज्या बाया मोर्चात चालत गेल्या त्यांच्यात आई होती. बंदी आली, काही वर्षांनी उठली. उठली त्या दिवशी ती जेवली नाही. शिवाय आम्ही बौद्ध. ती रोज सकाळी पंचशील म्हणते, आणि पाचवं शील मद्याविषयीच आहे. अमोल थेंबभर घेत नाही. खर्रा पाचव्या शिलात येत नाही असं त्याचं मत आहे.

"घरात नाई ठेवाची," आई म्हणाली. "न्हाणीत ठेव. तिथी जागा हाय."

मस्कादे थंडच प्यावी लागते. कोमट झाली की तिच्यातलं सगळं जातं आणि नुसता आंबटपणा उरतो. फ्रीज घरात होता, म्हणजे तो मार्ग बंद. मग जुन्या बादलीत ओली रेती भरली, तिच्यात दोन्ही बाटल्या मानेपर्यंत पुरल्या आणि वर भिजवलं पोतं टाकलं. रांजण असाच तर थंड राहतो. आई दारात उभी राहून बघत होती. तिनं पोत्यावर आणखी एक तांब्या पाणी ओतलं आणि आत गेली.

मुलचेरा

गोंडपिपरीहून आष्टीला वैनगंगेवर पूल आहे. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा, आणि तिथं दारूबंदी आहे. ही गोष्ट मी नागपुरात बसून विसरले होते असं नाही. पण मुलचेऱ्याच्या ताटासमोर मस्कादेचा ग्लास ठेवायचा कसा, याचा विचार मी पुलावर येईपर्यंत पुढं ढकलला होता. अमोलनं विचार केला होता.

"एक बाटली आणाची होती न ताई. द्राक्षाचं पाणी हाय म्हणून सांगितलं असतं. कोण ओळखते इथी?"

"मी ओळखते ना."

तो खिडकीबाहेर थुंकला आणि गाडी पुलावर घातली. बाटल्या न्हाणीत राहिल्या. आम्ही रिकामे स्टीलचे डबे घेऊन पलीकडं गेलो. ठरवलं असं की तिकडं जेवायचं, इकडं आणून चाखायचं.

मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली लोकांची गावं आहेत. पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आले, सरकारनं जमीन दिली, आता त्यांची तिसरी पिढी शेती करते. घरापुढं डबकं, डबक्यात मासे, बांधावर सुपारीची झाडं लावून बघायचा हट्ट. आम्ही कल्याणी काकींकडं उतरलो. अमोल त्यांचे मासे बाजारात पोचवतो, एवढीच ओळख. त्यांनी तेवढ्यावर जेवायला बसवलं.

आमच्या घरी ताटात सगळं एकदम येतं. भात, वरण, भाजी, चटणी, आणि जो तो आपल्या हिशेबानं कालवतो. काकींकडं तसं नाही. आधी कारल्याचं कडू, मग डाळ, मग मासा, शेवटी टमाट्याची गोडसर चटणी. मी मध्येच चटणीला हात लावला तर त्यांनी वाटी उचलून लांब ठेवली. "पहले मछली, बेटी. वो बाद में." एकामागून एक वाढायची रीत मी हॉटेलात फ्रेंच म्हणून शिकले होते, परीक्षाही दिली होती. मुलचेऱ्यात ती मातीच्या घरात पाटावर बसून चालू होती.

रोहूचे तुकडे कच्च्या मोहरीच्या वाटणात शिजवलेले. मोहरी आधी नाकात जाते, मग डोळ्यांत. मी डोळे पुसत मनात मस्कादे ओतून पाहिली. मोहरीचा ठसका थंड आंबट घोटानं धुतला जाईल, माशाची गोडी उरेल. शक्य होतं. काकींनी विचारलं, हे सगळं डब्यात कशाला नेतेस. मी खरं सांगितलं. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या की त्यांचा नवरा असता तर डब्यात बसून आला असता.

सिरोंचा

आलापल्लीच्या पुढं सागाचं जंगल लागतं. रस्त्याविषयी लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना गरज नाही आणि बाकीच्यांना खरं वाटणार नाही. एका खड्ड्यात डब्याचं झाकण निघालं आणि मोहरीचं तेल माझ्या एकुलत्या एक चांगल्या कुर्त्यावर सांडलं. वाइन चाखणाऱ्यानं अत्तर लावायचं नसतं, कारण नाक बधिर होतं. मी पुढचा सगळा प्रवास मोहरीचं अत्तर लावून केला.

सिरोंचात पाट्या मराठी, बोलणं तेलुगू. नदीपलीकडं तेलंगणा दिसतो. गोदावरीचं पात्र इतकं रुंद की पाण्यापेक्षा रेतीच जास्त वाटते. संध्याकाळी डोंगे काठाला लागतात आणि बाया तिथंच माशांच्या टोपल्यांवर भाव करतात. अमोलच्या ओळखीच्या लक्ष्मक्का काठापासून थोड्या वर खानावळ चालवतात. आमची आंबाडी ती त्यांची गोंगुरा. आमचे झिंगे ते त्यांचे रोय्यलु. पदार्थ तोच, पाला आणि झिंगे. मी मनात म्हटलं, आईच्या भाजीला इथं जोड मिळाली.

पहिल्या घासाला कळलं की तो पदार्थ तोच नाही. लाल मिरची इतकी होती की कान गरम झाले. लक्ष्मक्का भाताचा डोंगर वाढत "तिनु अम्मा, तिनु" म्हणत होत्या, खा बाई, खा. मी खात होते आणि नाक पुसत होते. शेजारच्या बाकावरचा माणूस शांतपणे वरून आणखी हिरवी मिरची चावत होता. यासोबत तुम्ही काय पिता, असं मी लक्ष्मक्कांना विचारलं. त्यांनी ताकाचा गडू ठेवला. त्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तिखटासमोर कुठलीही वाइन पातळ आणि कडवट होते, दारूचा जाळ तेवढा वाढतो. मस्कादेत तो जाळ कमी असतो, पण या ताटासमोर तिचा निभाव लागला नसता. तरीही डबा भरून घेतला. शेफला ऐकीव नको होतं.

अमोल दोन वेळा मागून जेवला. खर्ऱ्यानं त्याच्या जिभेला काही लागत नाही असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "लागते न ताई. पण तुह्यासारखं तोंड वाकडं करून नाई लागत."

परत गोंडपिपरी

आम्ही पोचलो तेव्हा आईची आंबाडी चुलीवर होती. तिची रीत अशी. पाला आधी उकडून त्याचं पाणी काढून टाकते, त्यामुळं आंबटपणा अर्ध्यावर येतो. झिंगे वैनगंगेचे, बोटाच्या पेराएवढे, तेलात लसणावर परतलेले. मिरची हिरवी, मोजकी. मग तांदळाची कणी मूठभर, सगळं घट्ट धरायला. आमच्या वस्तीत घरोघरी हे होतं, पण आईच्या हातचं लोक मागून नेतात. हे मी लेक म्हणून सांगत नाही, चव ओळखणं माझा धंदा आहे म्हणून सांगते.

मी अंगणाच्या टोकाला स्टूल मांडलं, तीन वाट्या ठेवल्या आणि बाटली उघडली. ओल्या रेतीनं काम केलं होतं, काचेवर दव आलं. वाइन पाण्याइतकी फिकट. वासाला लिंबाची साल, कच्चं सफरचंद, पावसात भिजलेला दगड. जिभेच्या कडेला किंचित मीठ आणि बारीक चुणचुण. ही वाइन हिवाळाभर आपल्याच खमिराच्या गाळावर ठेवतात, त्यानं तिला थोडं अंग येतं. नाहीतर ती फारच सडपातळ.

मी घोट तोंडात फिरवला आणि मिरचीच्या वाफ्यात थुंकले. चाखणारे थुंकतातच. दिवसात कितीतरी वाइन चाखायच्या असतात, गिळली तर दुसरीलाच जीभ जाते. आणि मी पीत नाही. कामावर लागल्यापासून मी एक ग्लासही प्यालेली नाही.

आई आतून आली. तिच्या अंगणात थुंकायचं नाही, हा नियम अमोलच्या लाल पिचकाऱ्यांमुळं झाला आहे. त्याला रस्त्यावर जावं लागतं.

"थुंकाचं नाई इथी," ती म्हणाली. "तू तं त्याच्यापेक्षा शिकलेली हायेस."

अमोलला झालेला आनंद मी लिहीत नाही. आईनं जर्मनचा एक चेपलेला गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, आणून त्यात राख टाकली आणि माझ्या पायाशी ठेवला. त्यात थुंकत मी काम पुरं केलं. मुलचेऱ्याचा मासा वाइनसोबत बरा निघाला. दुसऱ्या दिवशी मोहरी जरा निवली होती, ते उलट चांगलंच झालं. सिरोंच्याचे झिंगे वाइननं हात टेकावेत असे, जसं वाटलं होतं तसंच.

मग आईची वाटी. आंबाडीचा आंबटपणा आणि मस्कादेचा आंबटपणा एकमेकांना भेटले आणि दोन्ही नाहीसे झाले. उरली झिंग्याची गोडी आणि मागून येणारं मीठ. मी पुन्हा घास घेतला, पुन्हा घोट. या वाइनसोबत मी कालवंही चाखली आहेत, हॉटेलच्या प्रशिक्षणात. कालवं याच्या जवळपास येतात, पुढं जात नाहीत.

आईला सांगितलं. जोडी जमली. नागपूरच्या मेनूवर तुझं नाव येणार. गोंडपिपरीच्या देवकाबाईंच्या बौद्ध घरची आंबाडी-झिंगे, असं पूर्ण.

ती ओट्यावर बसली. तिनं मला ते नाव परत म्हणायला लावलं. ऐकताना ती खाली बघत होती, आणि तिला ते आवडलं होतं हे मला दिसत होतं.

"अन् बाजूले हे?" तिनं बाटलीकडं हनुवटी केली.

"हो. त्याचंच तर जेवण आहे."

"मंग नाई."

मी माझी बाजू मांडली. ही दारू दुकानातली नव्हे. यानं कुणी गटारात पडत नाही. लोक जेवताना ग्लासभर घेतात, चवीनं घेतात, घरी जातात. हे सगळं खरं आहे आणि मी ते आवाज न चढवता सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. मग गंजाकडं बोट केलं.

"चांगली हाय तं तू काऊन थुंकून राह्यली? तू नाई गिळत, अन् दुसऱ्याले गिळाले देते."

"धंदा आहे आई."

"धंदा कर न. मी अडवलं काय तुले? भाजी ने, झिंगे ने, कशी करतो ते शिकून घे. पण मी रोज पाचवं शील म्हणतो. लोक वाचतील बौद्धाच्या घरची भाजी, अन् बाजूले दारूचा गिलास. नाव टाकशील तं दारू नको. दारू ठेवशील तं नाव नको. दोनातलं एक घे."

अमोल जीपला टेकून उभा होता. यावेळी त्याच्या तोंडात काही नव्हतं. तो कुणाच्या बाजूनं आहे असं मी विचारलं नाही. त्याच्या बापाचा विषय कुणी काढला नाही, आणि तो काढायची गरजही नव्हती.

मी उरलेली वाइन गंजात ओतली. दुसरी बाटली तशीच बंद घेऊन नागपूरला आले. येताना आईनं आंबाडीचा पाला धुऊन, ओल्या फडक्यात बांधून दिला.

नागपूर

शेफनं तीन वाट्यांची माझी टिपणं वाचली. सिरोंच्याचं ताट गळालं. मुलचेऱ्याचा मासा आला, पहिलं आणि शेवटचं अशी त्यांची आपली दोन ताटं आली. आंबाडी-झिंगे मी स्वतः करून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी बंद बाटली उघडली, चाखलं, आणि म्हणाले की या जेवणातलं हेच मुख्य ताट, कालवांची आठवणही होणार नाही. मग मी आईची अट सांगितली.

ते बराच वेळ बोलले. वाइनच्या जेवणात वाइनशिवाय ताट म्हणजे काय. नाव काढून टाक, कोण विचारतंय. पुष्कळ हॉटेलं असंच करतात. त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं आणि मला नको होतं तेही तेच होतं. मी म्हटलं, नाव राहील. ग्लास मी उचलीन. नाहीतर ताट परत घेते. त्यांना ताट सोडवेना.

जेवणाच्या दिवशी तिसऱ्या ताटाआधी, म्हणजे आंबाडी-झिंग्यांआधी, मी प्रत्येक टेबलावरचे वाइनचे ग्लास स्वतः उचलले आणि पाण्याचे पेले ठेवले. थोडी कुजबुज झाली. मेनूवर नाव होतं, ठरलं होतं तसं, पूर्ण. त्याच्याखाली छापलं होतं, सोबत पाणी.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ होते, या विषयातले जाणकार. त्यांनी दोन घास खाल्ले आणि मला बोलावलं.

"याच्यासोबत मस्कादे फार छान गेली असती."

"हो," मी म्हटलं. "सगळ्यात छान. मी चाखून पाहिली आहे."

"मग?"

"ज्या घरचं हे आहे, त्या घरात चालत नाही."

त्यांनी मेनू उचलून ते नाव पुन्हा वाचलं, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत. मग पेला पुढं केला. मी पाणी ओतलं.